मदत हवी आहे : दुधीच्या कळ्या चार दिवसांत पिवळ्या पडून गळताहेत

पोपटीपान

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय. अर्धवट माहिती दिली की "पाणी जास्त होतंय" एवढंच उत्तर मिळतं, असा अनुभव आहे.

डोंबिवली पूर्व, सातवा मजला. बेडरूमला लागून दहा बाय बाराची उघडी टेरेस आहे, तोंड पश्चिमेला, दुपारी साडेबारापासून मावळेपर्यंत ऊन. तीन वर्षं पालक, मेथी, मिरच्या, कढीपत्ता करतेय. भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा सगळं भोकं पाडलेल्या ड्रममध्ये जातं. वर सुक्या पाल्याचा थर द्यायचा, की तीन महिन्यांत भुरभुरीत काळं खत तयार. ते जमलंय, त्यात अडचण नाही.

यंदा पहिल्यांदाच दुधी लावला. बी आईकडचं, कऱ्हाडजवळच्या आमच्या गावचं. दुधी आखूड, खाली फुगीर, रंग फिकट पोपटी. शिजायला दहा मिनिटं लागत नाहीत. आई ते बी राखेत घोळून फडक्यात बांधून ठेवायची. आता तिला वाकवत नाही, त्यामुळे परसातला मांडव बंद झाला. पुरचुंडीत अकरा बिया उरल्या होत्या, त्यातल्या सहा मी घेऊन आले. म्हणून एवढा जीव खालीवर होतोय. बाजारातलं पाकीट असतं तर पुढच्या वर्षी बघू म्हटलं असतं.

१२ जूनला लावल्या. चार रुजल्या, दोन वेली ठेवल्या. रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत प्रत्येकी एक. माती, घरचं खत आणि थोडं कोकोपीट. वेल जाळीवर अशी पसरलीय की खाली वाळत घातलेले कपडे दमट राहतात. जुलैअखेर नुसती लांब देठाची नरफुलं आली, ऑगस्टच्या मध्यापासून मादीफुलंही. कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात. आजवर तेवीस कळ्या, दुधी शून्य.

कळी, म्हणजे मादीफुलाखालचा इवलासा दुधी, करंगळीच्या पेराएवढी असते, अंगावर पांढरी लव. फूल कोमेजलं की दुसऱ्या दिवशी तिचं तेज जातं, तिसऱ्या दिवशी टोकाकडून पिवळी पडते, चौथ्या दिवशी बोट लावलं की हातात येते.

करून पाहिलं ते असं : शेंगदाणा पेंड भिजवून तिचं पाणी दर आठवड्याला. केळीच्या सालींचं पाणी. ताक. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला म्हणून निंबोळी तेल, लिटरला पाच मिली आणि थोडं साबणपाणी. उन्हात मारू नये म्हणतात म्हणून रविवारी संध्याकाळी सहाला आणि बुधवारी घरून काम असतं तेव्हाही.

सासूबाईंचं निदान वेगळं आहे. "येईल त्याला बोट करून कळ्या दाखवतेस, कुजणारच." हल्ली मी हनुवटीने दाखवते. तरी गळताहेत.

मातीवेडा

पेंड बंद करा. दर आठवड्याला पेंड म्हणजे नत्राचा मारा. वेल पानांवर माजते आणि फळाकडे बघत नाही. वीस लिटरची बादलीही दुधीला अपुरी, निदान चाळीस-पन्नास लिटरचा ड्रम हवा. दुपारी पानं मान टाकतात का? तसं असेल तर मुळांना जागा नाही.

सुगरण_कळवा

केळीच्या सालींच्या पाण्याने काही होत नाही हो, चिलटं तेवढी होतात. साली खताच्या ड्रममध्ये टाका, त्यांचं पालाश तिथून मिळेलच.

पोपटीपान

@मातीवेडा, तीनच्या सुमारास मान टाकतात खऱ्या, पाणी घातलं की तासाभरात सावरतात. पेंड आजपासून बंद. पण नत्राने मादीफुलंच आली नसती ना? ती येताहेत, धरत नाहीत.

वेलांटी

ताई, एक विचारू? तुमच्या दुधीचं फूल उमललेलं तुम्ही पाहिलंय का? म्हणजे पूर्ण उघडं, ताजं?

पोपटीपान

विचित्र प्रश्न वाटला, पण उत्तर द्यायला गेले आणि थबकले. नाही पाहिलं! सकाळी सातला पाणी घालते तेव्हा फुलं पांढरट, चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारखी लोंबत असतात. मला वाटायचं, अजून उमलायची आहेत. ऑफिसातून यायला साडेआठ-नऊ होतात, तेव्हा टेरेसकडे कोण बघतंय.

वेलांटी

मग मिळालं उत्तर. ती उमलायची नसतात, उमलून गेलेली असतात. दुधी संध्याकाळी फुलतो. ऊन कलल्यावर पाकळ्या सुटायला लागतात, अंधार पडताना फूल पूर्ण उघडं, आणि सकाळी ऊन चढेपर्यंत खेळ खलास. पांढरा रंग काळोखात दिसावा म्हणूनच. रात्री हिंडणारे मोठे पतंग येतात, लांब सोंड आत घालतात आणि जाताना पराग नेतात. मधमाशी दिवसाची, ती इथे फारशी कामाची नाही.

सगळ्या वेलींचं वेळापत्रक एक नसतं. लाल भोपळा, काकडी, कारलं आणि घोसाळं सकाळी. दुधी, पडवळ आणि दोडका संध्याकाळी. घोसाळं आणि दोडका सख्खी भावंडं, दोघांची फुलं पिवळी, तरी एक सकाळचं आणि एक सांजेचं. हे मला कळायला माझे दोन पावसाळे फुकट गेले.

मादीफुलाला परागच मिळाला नाही तर वेल ती कळी पोसत नाही, टाकून देते. तुमची लव, तेज आणि टोकाकडून पिवळेपणाची नोंद अगदी तीच आहे. आणि ताई, निंबोळी तेल तुम्ही नेमकं फूल उघडायच्या वेळेला मारताय. पाकळ्या आणि पराग ओले, वर कडू वास. फवारणी भल्या पहाटे करा, तीही पानांच्या मागे, फुलं वगळून.

मातीवेडा

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वेलांटी बरोबर आहेत. तरी बादलीचं म्हणणं मागे घेत नाही.

गच्चीकाका

आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर दुधी आपोआप धरायचा. दोन वर्षांपूर्वी गच्चीच्या टाकीजवळ मोठा एलईडी फोकस बसवला, तेव्हापासून पतंग त्या दिव्याभोवती आणि वेल कोरडी. तुमच्याकडे असं काही आहे का? शिवाय पावसाळ्यात डासांची धूरफवारणी संध्याकाळीच होते. धूर डास बघून निवडत नाही.

पोपटीपान

काका, फोकस आहे. समोरच्या विंगच्या गच्चीवर, थेट आमच्या टेरेसवर पडतो. आम्ही कौतुकाने म्हणायचो, लाइट लावायची गरज नाही. धूर गणपतीआधी दोनदा झाला, तेव्हा सातव्या मजल्यापर्यंत वास आला होता. आता पतंगांची वाट बघत बसू की काय?

वेलांटी

वाट बघू नका, पतंगाचं काम स्वतः करा. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये, फूल ताजं असताना. त्याच दिवशी उघडलेलं नरफूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका. मध्ये पिवळसर दांडा राहतो, बोटाला पिवळी पूड लागली की तो तयार आहे. मादीफुलाच्या मध्यभागी तीन फुगीर पाकळ्यांसारखा चिकट भाग असतो, त्यावर हळूच टेकवत फिरवा. तिन्ही भागांना लागलं पाहिजे, एका बाजूला लागलं तर दुधी वाकडा वाढतो. कळीला बोटं लावू नका, लव निघते. इथे तुमच्या सासूबाई बरोबर आहेत! पाऊस असेल तर वर छत्री धरा, भिजलेला पराग निकामी होतो.

ऑफिसमुळे उशीर झाला तरी नऊला जमेल. सकाळी सातला नाही.

भीमाकाठ

मी मंगळवेढ्याचा. वेगळ्या कारणाने लिहितोय. ताई, बी जपायचं म्हणताय तर एक काळजी घ्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भोपळे आमच्या पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातून जातात. ते भोपळे आणि तुमचा दुधी एकाच जातीचे, फक्त ते कडूजहर. दोघांची फुलं एकमेकांना चालतात. शेजारी कडू भोपळा असला आणि पतंगाने तिकडचा पराग आणला तर यंदाचा दुधी गोडच लागेल, कारण गर आईच्या वेलीचा. पण त्यातलं बी पुढच्या वर्षी लावलं की कडू फळ येऊ शकतं. आमच्याकडे यावरून भावकीत भांडणं झालेली बघितलीत.

डोंबिवलीत तंबोऱ्याची शेती नसणार म्हणा. तरी ज्या कळीचं बी ठेवायचं, तिचं फूल आणि एक नरफूल दुपारी चारलाच, उघडायच्या आधी, दोऱ्याने अलगद बांधून ठेवा. रात्री सोडा, पराग लावा, मादीफूल परत बांधा. त्या फळाला रंगीत दोरा.

आणि कुठलाही दुधी चिरताना बारीक तुकडा जिभेवर ठेवायचाच. कडू लागला तर थुंकून टाका, पूर्ण फळ टाका. त्याचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञांनीही हेच बजावलंय. मीठ लावून कडूपणा जात नाही.

सुगरण_कळवा

हे फार महत्त्वाचं. सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस पिणाऱ्या माझ्या जावेला आत्ताच पाठवलं.

पोपटीपान

अपडेट, दहा दिवसांनी.

पहिल्या दिवशी मुद्दाम साडेपाचला घरी आले, डोकं दुखतंय सांगून. खुर्ची टाकून बसले. सहा वाजून दहा मिनिटांनी एक पाकळी सुटली. म्हणजे चुण्या पडलेली असते ना, ओल्या ओढणीसारखी, ती झटक्याने नाही, अडखळत उलगडते. साडेसहाला फूल तळहाताएवढं, आणि वास! इतके दिवस घरात राहून मला माहीत नव्हतं की दुधीच्या फुलाला रात्री वास येतो. सासूबाईही येऊन बसल्या.

त्या दिवशी दोन मादीफुलं होती, दोन्हींना पराग लावला. तिसऱ्या दिवशी एक पिवळं पडलं. दुसरं मात्र हिरवं, लव चकाकतेय, आणि मान खाली! आधी कळ्या आडव्या असायच्या, ही वजनाने वाकली. आजपर्यंत नऊ कळ्यांना हात लावला, त्यातल्या सहा धरल्या. समोरच्या विंगच्या सेक्रेटरींना भेटले, फोकसचं तोंड खाली करून मिळालं. "कशासाठी?" विचारलं. पतंगांसाठी म्हटलं तर हसतील, म्हणून झोप लागत नाही सांगितलं.

आता नवीन संकट. सगळ्यात मोठ्या दुधीवर, वीतभर झालाय, टाचणी टोचल्यासारखा ठिपका आणि डिंकाचा थेंब. कुणीतरी आंब्याच्या बागेतला फळमाशीचा सापळा देऊ करतंय. घेऊ का?

मातीवेडा

फळमाशीच. सालीखाली अंडी घालते, आत अळ्या होऊन दुधी एका बाजूने सडतो. आंब्याचा सापळा नको. त्यात मिथाइल युजेनॉल असतं, त्याला आंबा-पेरूची माशी भुलते. वेलवर्गीय भाज्यांच्या माशीला क्यूल्युर लागतं, कृषी केंद्रात "काकडी-कारल्याचा सापळा" म्हणून मागा. पण सापळ्यात फक्त नर अडकतात आणि शेजाऱ्यांकडचेही तुमच्याकडे ओढले जातात. सहा दुधींसाठी एवढं नको. फळ धरल्याचं दिसलं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुन्या पायमोज्यात किंवा वर्तमानपत्राच्या पिशवीत गुंडाळा, देठाकडे सैल बांधा. टोचलेला दुधी काढून टाका, पण खताच्या ड्रममध्ये नको. अळ्या मातीत उतरून कोष करतात. पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा.

पोपटीपान

नवऱ्याचे सहा मोजे गेले. टोचलेला कापून पाहिला, आत पांढऱ्या तीन अळ्या, बाकी अर्धा चांगला होता, पण ठेवला नाही.

काल पहिला दुधी काढला. पराग लावल्यापासून चौदावा दिवस, नख सहज रुतलं. तुकडा जिभेवर ठेवून बघितला, गोड. फक्त जिरं-मिरचीची फोडणी आणि दाण्याचं कूट. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "देठ एवढा लांब का ठेवलास, काय टांगायचाय?"

रंगीत दोऱ्याचा एक वेलीवरच आहे, आतल्या बाजूला. @भीमाकाठ, बियांसाठी कधी काढायचा? आई म्हणते हलवून आवाज आला पाहिजे, पण इथे परतीच्या पावसात कुजेल अशी भीती वाटते.

भीमाकाठ

आई बरोबर. पोपटी रंग जाऊन पिवळट-तपकिरी झाला, साल नखाने ओरखडेना, देठ वाळला की काढा. दोन महिने तरी जातील. तोवर त्या वेलीवरची बाकी फळं कोवळीच काढत जा, म्हणजे सगळी ताकद त्याला मिळेल. पावसाची भीती असेल तर देठ वाळल्याबरोबर काढून घरात पंख्याखाली टांगा.

म्हणजे टांगायला देठ लांबच ठेवा, आईंना सांगा.