पटच्या वेळचा पवित्रा: १० मीटरबाहेरची उडी बंद करावी का?

मूळ धागा

डिस्क गोल्फमध्ये (हाताने चकती, म्हणजे डिस्क, फेकून ती साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकण्याच्या खेळात) बास्केटपासून १० मीटरच्या आतून केलेली प्रत्येक फेक पट समजली जाते, आणि ती केल्यावर मार्करच्या (फेकीची जागा दाखवणाऱ्या डिस्कच्या) मागे तोल पूर्ण सावरल्याचे दाखवल्याखेरीज खेळाडूला बास्केटकडे पाऊल टाकता येत नाही. या वर्तुळाबाहेर हे बंधन उठते. डिस्क हातातून सुटताना शरीराचा एक तरी आधारबिंदू मार्करमागच्या ठरलेल्या जागेत टेकलेला असावा आणि एकही आधारबिंदू मार्करच्या मागच्या कडेच्या पुढे नसावा, एवढे पुरते. जंप पट, म्हणजे बास्केटकडे उडी घेत केलेली फेक, याच सवलतीवर उभा आहे.

माझे मत असे की तोल सावरण्याचे बंधन २० मीटरपर्यंत न्यावे. अमेरिकेतल्या शार्लटमध्ये आमच्या चौघांच्या गटात एकाने १२ मीटरवरून जंप पट केला. मला पाय आधी उचललेला दिसला, शेजाऱ्याला डिस्क आधी सुटलेली दिसली, आणि दुसऱ्याचा दुजोरा नसल्यामुळे विषय तिथेच संपला. छातीच्या उंचीवरचा हात आणि गवतातला पाय एकाच वेळी कोणाला नीट पाहता येतो? ज्या दोषासाठी एका फेकीचा दंड आहे, तो साध्या डोळ्यांना दिसायला हवा.

प्रतिसाद १

मी पूर्णपणे असहमत आहे. डोळ्यांना दिसत नाही हे कारण मानले, तर टी पॅडवरून, म्हणजे पहिल्या फेकीच्या चौथऱ्यावरून, धावत येऊन केलेली फेकही बंद करावी लागेल, कारण तिथे वेग याहून जास्त असतो. शिवाय उडी मारणाऱ्याला फायदा मिळतो तो पायाने जमिनीला दिलेल्या रेट्याचा, आणि तो रेटा हातापर्यंत पोहोचतो पाय टेकलेला असतानाच. हवेत गेल्यावर डिस्क सोडणारा खेळाडू नियम तर मोडतोच, पण स्वतःची ताकदही वाया घालवतो. ज्यांच्या मनगटात जोर कमी आहे, अशा मुलांना आणि वयस्कर खेळाडूंना १५ मीटरवरून बास्केट गाठण्याचा हाच एक मार्ग उरतो. तो काढून घेण्याआधी तुम्ही त्यांचा विचार केला आहे का?

प्रतिसाद २

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट निसटते आहे. मार्करमागची जागा २०१८च्या नियमांपासून २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा आयत आहे. त्याआधी ती केवळ ३० सेंटिमीटरची रेषा होती आणि पाय तिच्यावर आहे की नाही यावरूनही असेच वाद होत. जागा रुंद केल्यावर ते बरेच निवळले. म्हणजे नियम पाहता येण्याजोगा करणे शक्य आहे, आणि या मुद्द्यावर मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

मात्र २० मीटरला माझा विरोध आहे. मी फिनलंडमध्ये हिवाळ्यातही खेळतो. गोठलेल्या जमिनीवर पट झाल्यानंतर पाय पुढे घसरला, तर १० मीटरच्या आत तो दोष ठरतो, मग खेळाडूचा हेतू कितीही स्वच्छ असो. हे संकट दुप्पट अंतरापर्यंत पसरवणे मला अन्यायाचे वाटते. तसेच तोल किती वेळ सावरून दाखवायचा, याचे सेकंद नियमात दिलेले नाहीत. आधी ते ठरवा, मग वर्तुळ वाढवा.

धागाकर्ता

घसरण्याचा मुद्दा मला पटला. तसा अनुभव नसल्यामुळे तो माझ्या ध्यानात आला नव्हता. टी पॅडची तुलना मात्र मान्य नाही. ड्राइव्हमध्ये, म्हणजे टी पॅडवरच्या लांब फेकीत, पाय दोन बोटे पुढे गेला तर १०० मीटरच्या फेकीत फारसे काही बदलत नाही; १२ मीटरवर हवेतून सुटलेली डिस्क तेवढीच बास्केटच्या जवळून सुटते, आणि तिथे प्रश्न साखळीत जाण्याचा किंवा न जाण्याचा असतो. मुलांसाठी आणि वयस्कर गटांसाठी सवलत ठेवावी, यालाही माझी हरकत नाही. खुल्या गटासाठी मात्र १५ मीटरपर्यंत तरी हे बंधन यावे आणि तोल सावरण्यासाठी एक पूर्ण सेकंद नियमात लिहिला जावा, या मागणीवर मी ठाम आहे.