प्रार्थना करतो पण स्वार्थ सुटंना

प्रश्न (जालना): बोअर सामायिक आहे, माझी पाळी संपली तरी मोटर अर्धा तास जास्तीची चालू ठेवतो, भावाची मोसंबी सुकायलीय हे डोळ्यानं दिसतंय, अन् रविवारी चर्चमधी पुढच्या बाकावर बसतो. मन खातंय. काय करावं?

उत्तर: भाऊ, बायबलमधलं रोमकरांस पत्र अध्याय ७ वाचा, ते लिहिणारा येशूचा प्रेषित पौल पण म्हणतो जे चांगलं करायचंय ते माझ्याकडून होत नाही. पण तिथंच थांबू नका, ८ वा पण वाचा, त्यातून सुटका कशी ते तिथं सांगितलंय.

उत्तर: बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात अध्याय १९ मधला जकातदार जक्कय आठवा, नुसता पस्तावा करत बसला नाही तो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणला. भावाला तोंडानं सांगा अन् चार पाळ्या सोडा.

प्रश्नकर्ता: स्टार्टरच्या पेटीची चावी आत्ताच भावाकडं देऊन आलो.