मदत हवी आहे: बेसबॉलमध्ये विजेता ओळखता येतोय, तरी हिशेब तोट्यात का?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो. बेसबॉल मनापासून बघतो आणि त्यातल्या आकड्यांमध्ये मला क्रिकेटइतकाच रस आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल लागल्यापासून इथे खेळांवर पैज लावणं कायदेशीर आहे. मी मात्र अजून खरे पैसे लावलेले नाहीत आणि हिशेब जमल्याशिवाय लावणारही नाही. सध्या सगळं एक्सेलमध्ये चालतं: सकाळी बुकीने (पैज घेणाऱ्याने) दिलेले भाव लिहून ठेवायचे, आपला अंदाज शेजारी मांडायचा, रात्री ताळा करायचा.

गाडं अडलंय ते असं. माझे अंदाज निम्म्याहून बऱ्यापैकी जास्त वेळा बरोबर येतात, तरी कागदावरची रक्कम घटतच जाते. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळत नाही.

माझी पद्धत सांगतो. आधी संघाची खरी ताकद काढतो. जिंकलेले-हरलेले सामने न बघता केलेल्या आणि दिलेल्या धावा बघतो, म्हणजे बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं पायथागोरियन सूत्र: केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. २०२५ च्या कोलोरॅडो रॉकीज संघावर लावून पाहिलं. ५९७ धावा केल्या, १०२१ दिल्या. सूत्र ४१ विजय सांगतं, प्रत्यक्षात ४३ आले. इतकं जवळ! मग दोन संघांची ताकद 'लॉग फाइव्ह' सूत्रात (दोघांपैकी कोण जिंकेल याची शक्यता काढणाऱ्या) घालतो. .५८० चा (५८ टक्के सामने जिंकणारा) संघ .४५० च्या संघाशी खेळला तर त्याची शक्यता साधारण ६३ टक्के येते. घरच्या मैदानाचा फायदा म्हणून थोडी भर घालतो, कारण यजमान संघ एकूण ५३-५४ टक्के सामने जिंकतात. आणि शेवटी त्या दिवशीचा स्टार्टर पिचर (सामन्याची सुरुवात करणारा गोलंदाज) बघतो.

इथेच माझा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. स्टार्टरला किती वजन द्यायचं? पिट्सबर्ग संघाच्या पॉल स्कीन्सचा २०२५ चा ईआरए (दर नऊ इनिंगमागे, म्हणजे पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या खात्यावर जाणाऱ्या धावा; जितका कमी तितका चांगला) १.९७ होता. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला, पण नावावर १० विजय आणि १० पराभव. २०१८ मध्ये आमच्या न्यूयॉर्क मेट्स संघाच्या जेकब डिग्रॉमचंही तेच: ईआरए १.७०, विजय १०, पराभव ९. एवढा पिचर असूनही संघ हरत असेल, तर मग माझ्या तक्त्यात त्याला मी जो मोठा आकडा देतोय तो बरोबर आहे का?

दुसरं म्हणजे, मैदान आणि वारा कसा धरायचा? डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर, तिथे चेंडू लांब जातो. शिकागोच्या रिगली फील्डवर वारा बाहेरच्या दिशेने असला की धावांचा पाऊस. हे विजेता निवडताना उपयोगी पडतं का?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. 'सट्टा वाईट' एवढंच सांगणाऱ्यांचंही म्हणणं मान्य आहे, पण मला गणित समजून घ्यायचंय. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

तुमची पद्धत चांगली आहे, प्रश्न चुकीच्या जागी विचारताय. 'कोण जिंकेल' याचे पैसे मिळत नाहीत; 'हा भाव स्वस्त आहे का' याचे मिळतात. तुम्ही भाव लिहून ठेवता म्हणालात ना? त्याची शक्यता काढून बघा.

-१५० म्हणजे १०० डॉलर जिंकायला १५० लावायचे. २५० पैकी १५०, म्हणजे ६० टक्के वेळा जिंकलात तर कुठे बरोबरी. माझा अंदाज, तुमची बहुतेक निवड फेव्हरिट (जिंकण्याची शक्यता जास्त मानलेल्या) संघांचीच असणार. समजा शंभर पैजा -१५० ला लावल्या आणि ५७ बरोबर आल्या. मिळाले ५७००, गेले ४३ गुणिले १५०, म्हणजे ६४५०. निम्म्याहून जास्त बरोबर, आणि तरी ७५० चा खड्डा. उलट +१३० च्या (१०० लावून १३० जिंकायच्या) अंडरडॉगवर, म्हणजे कमजोर मानलेल्या संघावर, शंभर-शंभर लावून फक्त ४५ बरोबर आले, तर ५८५० आले आणि ५५०० गेले. बहुसंख्य वेळा हरूनही ३५० शिल्लक.

बुकीची कमाई ओळखायची तर दोन्ही बाजूंची शक्यता मिळवा. -१७० चे ६३ टक्के, समोरच्या +१४५ चे ४०.८. बेरीज १०४ च्या आसपास. वरचे चार बुकीचे. आधी ते काढून टाका (६३ चे ६०.७ होतात), मग तुमचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. तुमचं गणित ६२ म्हणत असेल तर संघ जिंकण्याची शक्यता भरपूर आहे, पण पैज घेण्याजोगी नाही, कारण बरोबरीलाच ६३ लागतात. हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

प्रतिसाद २

वरचं अगदी पटलं. पिचरबद्दल माझी भर.

हल्ली स्टार्टर नऊपैकी साधारण पाच, फार तर सहा इनिंग टाकतो. उरलेला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त बुलपेनच्या, म्हणजे नंतर येणाऱ्या पिचरांच्या (रिलीव्हर), हातात. स्कीन्सने धावा रोखल्या, पण पिट्सबर्गची फलंदाजी धावा काढू शकली नाही. त्याच वर्षी तो संघ ९१ सामने हरला. तेव्हा इनिंगच्या हिशेबाने वजन द्या आणि विजय-पराभवाचा आकडा तक्त्यातून काढूनच टाका. ईआरएऐवजी एफआयपी (क्षेत्ररक्षण वगळून पिचर तोलणारा आकडा) घ्या. त्यात फक्त होमरन, वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस), अंगावर लागलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) धरतात, म्हणजे क्षेत्ररक्षण आणि नशीब बऱ्यापैकी बाजूला होतं.

बुलपेनचा कालचा आणि परवाचा स्कोअरकार्ड रोज उघडा. सलग दोन दिवस टाकलेला रिलीव्हर तिसऱ्या दिवशी बहुधा मिळत नाही. रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारचा सामना असेल तर मुख्य कॅचरला (आपल्या यष्टिरक्षकासारखा) बऱ्याचदा विश्रांती देतात. सकाळी भाव लिहिता तेव्हा यातलं काहीच दिसत नाही, कारण लाइनअप (खेळणाऱ्यांची यादी) नंतर जाहीर होते. आणि ऐनवेळी स्टार्टर बदलला तर भाव डोळ्यांदेखत -१६५ वरून -११५ वर येऊ शकतो. अशा वेळी तुमची पैज रद्द होते की तशीच राहते, याचे नियम प्रत्येक साइटचे वेगळे असतात. ते आधी वाचा.

मैदान आणि वारा दोन्ही संघांना सारखाच लागतो, त्यामुळे त्याचा उपयोग एकूण धावांच्या पैजेत जास्त. विजेता निवडताना एवढंच करा: कूर्सवर टाकणाऱ्याचा ईआरए आहे तसा इतरांशी तोलू नका.

प्रतिसाद ३

छान धागा. हे पुण्यात बसून करता येईल का?

प्रतिसाद ४

नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. परदेशी साइटच्या जाहिराती दिसल्या तरी त्या वाटेला जाऊ नका. कागदावर गणित मांडायला मात्र कुणाची हरकत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ वाचून जुना तक्ता उघडला. निवड खरोखरच जवळपास सगळी फेव्हरिटची होती. आता भावाची शक्यता वेगळ्या स्तंभात घातली आहे आणि बुलपेनचाही स्तंभ केलाय.

अजून दोन शंका. आमच्या ओळखीतले काही जण व्हॉट्सअॅपवर पैसे भरून 'पिक्स' (कोणावर पैज लावायची याच्या टिप्स) घेतात, विकणारा ७० टक्के अचूकतेचा दावा करतो. हे तपासायचं कसं? आणि माझा तक्ता उद्या नफ्यात आला तर ते कौशल्य की नशीब, हे किती सामन्यांनंतर कळतं?

प्रतिसाद ५

७० टक्क्यांचा दावा ऐकला की एवढंच आठवा: २०२५ मध्ये सगळ्यात जास्त सामने मिलवॉकी ब्रूअर्सनी जिंकले, १६२ पैकी ९७. म्हणजे ६० टक्के. आणि १२१ सामने हरून आधुनिक काळातला पराभवांचा विक्रम करणारा २०२४ चा शिकागो व्हाइट सॉक्ससुद्धा ४१ वेळा जिंकलाच. त्या विकणाऱ्याकडे प्रत्येक निवडीची वेळ आणि तेव्हाचा भाव, दोन्ही मागा. भावाशिवाय टक्केवारी कवडीमोलाची. ओळखीतल्यांना हे नक्की सांगा, पैसे भरण्याआधी.

कौशल्याबद्दल ऐकून वाईट वाटेल. समजा भाव दोन्हीकडे -११०, बरोबरीला ५२.४ टक्के लागतात आणि तुम्ही खरोखर ५४ टक्क्यांचे आहात. हजार पैजांनंतरही निव्वळ योगायोगाने आकडा दीड टक्का इकडेतिकडे सहज सरकतो, म्हणजे तुमच्या सगळ्या आघाडीएवढा. पूर्ण हंगामाचे २४३० सामने खेळलात तरी तो चढउतार एक टक्का उरतोच. म्हणून निकालाआधी दुसरी कसोटी लावा: तुम्ही लिहिलेला भाव आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव. तुम्ही +१३० ला घेतलेला संघ शेवटी +११५ ला येत असेल (म्हणजे बाजारही तुमच्याच बाजूला सरकला) आणि हे वारंवार होत असेल, तर तुमच्या गणितात दम आहे. निकालापेक्षा हे फार लवकर कळतं.

पैसे लावायची वेळ आलीच तर रक्कम ठरवायला न्यू जर्सीतल्याच बेल लॅब्सच्या जॉन केलींचं १९५६ चं सूत्र आहे. +१३० चा भाव आणि तुमची शक्यता ४५ टक्के असेल तर ते भांडवलाच्या २.७ टक्के सांगतं. जाणकार त्याच्याही निम्मे लावतात, कारण ४५ हा आकडा आपलाच अंदाज असतो.

करसुद्धा तक्त्यात धरा. २०२६ पासून फेडरल रिटर्नमध्ये हरलेल्या रकमेच्या ९० टक्क्यांचीच वजावट मिळते, तीही तपशीलवार वजावट घेणाऱ्यांना. वर्षभरात १०,००० जिंकून १०,००० हरलात, तरी १,००० उत्पन्न म्हणून धरले जातील. तुमच्या आघाडीतून हे वजा करून बघा आणि तो आकडा इथे टाका.