काटकसर म्हणावं की निगुती?

परवा भाजी चिरताना आईने दोडक्याच्या शिरा चटणीसाठी वाटीत बाजूला काढल्या. तूप कढवल्यावर तळाशी उरलेली बेरीही ती कणकेत मळते. हे बघून पुतणी म्हणाली, “आजी, किती कंजूषपणा!” आई काही बोलली नाही, पण तो शब्द मला लागला. बुधवारी नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून येताना हीच आई शेजारच्या घरासाठीही मेथीची जुडी घेऊन येते. अशा बाईला कंजूष कसं म्हणायचं?

मग ‘काटकसर’ शब्द फोडून पाहिला. काट म्हणजे कापणं, वजा करणं. कसर अरबी ‘कस्र’वरून आली. तिकडे त्याचा अर्थ मोडणं, तुकडा आणि गणितातला अपूर्णांक असा आहे. मराठीत तिचा संसार मोठा आहे. कामात कसर राहते, मागची कसर पुढे भरून काढतात, आणि ताप पुरता चढलेला नसला की अंगात नुसती कसर असते. सगळीकडे पूर्णाला जरा कमी. म्हणजे काटकसरीत दोन्ही बाजूंनी उणंच! त्या चटणीत मला तर काही उणं दिसत नाही. तुमच्याकडे दुसरा शब्द आहे का?

पंचवटीहून : ताई, तुमच्या आईंच्या वागण्याला आमच्या घरी ‘निगुती’ म्हणतात. काटकसर पैशाची, निगुती वस्तूची. दूध निगुतीने विरजतात, पापड निगुतीने वाळवतात, ठेवणीतलं पातळ निगुतीने घडी घालून ठेवतात. हातात पैसा खुळखुळत असला तरी निगुती सुटत नाही. कंजूष, चिक्कू, कवडीचुंबक या शब्दांत माणसावर ठपका आहे. निगुतीत कामाचं कौतुक आहे. मला वाटतं, काटकसर करणारा स्वतःच्या ताटातलं कमी करतो आणि चिक्कू दुसऱ्याच्या.

नाशिकरोडहून : शेवटचं वाक्य पटलं नाही. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून पैसे साठवत बसणाऱ्यालाही लोक चिक्कूच म्हणतात. गरज असताना हात आखडला की चिक्कूपणा, मग तो कुणासाठीही असो. आणखी एक, आमच्याकडे नोटा छापल्या जातात, पण म्हातारी माणसं अजून ‘पै पै जोडली’ म्हणतात. आण्याच्या 12 पै, रुपयाच्या 192. 1957 साली नवे पैसे आले, हिशेबातून पै गेली, बोलण्यातून गेली नाही. ‘पै पै’ म्हणताना कष्ट दिसतात. ‘बचत’ म्हटलं की नुसतं पासबुक दिसतं.

निफाडहून : आमच्या शेतकरी घरात यातला एकही शब्द फारसा येत नाही. आम्ही ‘भागवतो’. मोठा कांदा मार्केटला जातो, घरात गोल्टी. बारीक असते, सोलायला वेळ लागतो, पण चवीत फरक नाही. आजी म्हणायची, “गोल्टीवर भागतंय, चांगला माल कशाला फोडायचा?” हाच शब्द तहानेलाही लागतो, तहान भागते. म्हणून भागवण्यात मला उणेपणा वाटत नाही. थोडक्यात का होईना, गरज पुरी झालेली असते. आणि नाशिकरोडचे काका, भाव पडलेल्या वर्षी ‘भागवलं’ या शब्दात काय काय असतं ते त्या घरालाच ठाऊक.

पुन्हा मी : ‘निगुती’ आणि ‘भागवणं’ दोन्ही आईला वाचून दाखवले. निगुती तिला आवडला, पण तो तिच्या सासूबाईंचा शब्द, म्हणाली. स्वतः ती काय म्हणते ते मी काल ऐकलं. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत होती, शेवटचा थर पसरताना म्हणाली, “चला, हेही कामी आलं.” लढाईत पडलेल्या माणसालाही आपण ‘कामी आला’ म्हणतो. विरलेल्या लुगड्याला तोच शब्द. पुतणी शेजारीच बसली होती, तिने सुईत दोरा ओवून दिला.