रजिस्ट्रीचा बॅकअप परत टाकला तरी जुनी सेटिंग्ज येत नाहीत, काय चुकलं?

प्रश्न:
विंडोज १० आहे. उजव्या क्लिकचा मेनू फार लांबलाय म्हणून काल रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात तो डेटाबेस) जाऊन साफसफाई करायला घेतली, आधी अख्खी रजिस्ट्री एक्स्पोर्ट करून .रेग फाइल काढून ठेवली होती त्यामुळे निर्धास्त होतो. नंतर फोटो भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडायला लागले म्हणून ती फाइल परत टाकली, तर मेसेज आला की सगळा डेटा लिहिता आला नाही, काही ‘की’ (रजिस्ट्रीतले फोल्डरसारखे कप्पे) सिस्टम वापरतेय. आणि मधल्या वेळात मी ज्या दोन नव्या की केल्या त्या तशाच आहेत! मग बॅकअप घेऊन उपयोग काय झाला?

उत्तर:
अरे, .रेग फाइल टाकली की जुनं जसंच्या तसं येत नाही, आहे त्यात मिसळलं जातं. फाइलमध्ये जे आहे तेवढं लिहिणार, तू नंतर घातलेल्याला हात लावणार नाही, म्हणून तुझ्या दोन की राहिल्या. त्या हाताने काढ. आणि पुढच्या वेळी अख्खी रजिस्ट्री नको, ज्या कीला हात लावणार तेवढीच उजव्या क्लिकने एक्स्पोर्ट कर, फाइल छोटी असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते.

उत्तर:
वरचं बरोबर आहे, पण आत्ता नक्की काय काय उडालंय हे आठवत नसेल तर सिस्टम रिस्टोअर (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) बघा. साफसफाईच्या आधीचा रिस्टोअर पॉइंट, म्हणजे तेव्हाच्या स्थितीची साठवलेली नोंद, असला तर सुटलात. मात्र पुष्कळ मशीनवर हे पॉइंट बनवणारं सिस्टम प्रोटेक्शन बंदच असतं, ते आधी तपासा. पॉइंट निवडल्यावर खाली ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ येतं ते दाबाच, कुठले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जाणार त्याची यादी दिसते. तुमचे फोटो, डॉक्युमेंट जात नाहीत. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, रिकव्हरीत गेल्यावर ती मागितली आणि की त्याच मशीनमध्ये अडकलेली असली तर काहीच करता येत नाही.

प्रश्न विचारणारा:
थँक्स दोघांना. सिस्टम ३२ च्या कॉन्फिगमध्ये रजिस्ट्रीच्या बॅकअपचं रेगबॅक फोल्डर सापडलं, त्यातून उचलू का? पण सगळ्या फाइल ० केबी दाखवतायत.

उत्तर:
नको नको, त्यांना हात लावू नका! विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून तिथला आपोआप होणारा बॅकअप बंद केलाय, फाइल नावापुरत्या आहेत, आत काही नाही. मी जुना लेख वाचून त्या मूळ फाइलींवर कॉपी केल्या होत्या आणि मशीन सुरूच होईना, नशिबाने मूळ फाइलींची नावं बदलून ठेवली होती म्हणून वाचलो. कॉपी करण्याआधी फाइलचा साइझ बघायचाच.

प्रश्न विचारणारा:
परवाचा पॉइंट मिळाला! यादीत फक्त एक प्रिंटरचा ड्रायव्हर आहे, तो नंतर टाकेन. लावतोय आता.