मदत हवी आहे: कारखान्यांसाठीच्या फ्रेमवर्कमध्ये काय खुले ठेवावे आणि काय बंद?

नमस्कार. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतील एका छोट्या कंपनीत आम्ही कारखान्यांच्या देखरेखीचे आणि बॅच (एकेका घाण्याने होणारे उत्पादन) नियंत्रणाचे सॉफ्टवेअर सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहितो. पशुखाद्याचा कारखाना, बुटीबोरीतील कापड रंगाईचा विभाग आणि धान भिजवून वाफवणारी भंडाऱ्याकडची राईस मिल, अशा तीन ठिकाणी ते चालू आहे. चौथे काम संत्र्याच्या रसाच्या पाश्चरीकरणाचे आहे. दर वेळी जुना प्रकल्प कॉपी करून फेरफार करण्याऐवजी तिन्हींतला समान भाग वेगळा काढून त्याचे ऑब्जेक्ट ओरिएंटेड फ्रेमवर्क, म्हणजे क्लास आणि ऑब्जेक्ट यांनी बांधलेला सामाईक सांगाडा, करावे, असे ठरले आहे. त्यात प्रत्येक कारखान्यापुरते बदलता येईल असे काय खुले ठेवावे आणि कोणालाही बदलता येणार नाही असे काय बंद, हा प्रश्न आहे. सुरक्षेचे इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र रोखणारे नियम) पीएलसीतच, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकातच, राहतील, त्यामुळे ते या प्रश्नात धरू नयेत.

सध्या ‘यंत्र’ नावाचा एक अमूर्त क्लास, म्हणजे काही जागा रिकाम्या ठेवलेला साचा, आहे. वाचणे, तपासणे, निर्णय घेणे, लिहिणे आणि नोंद करणे हा क्रम तो ठरवतो आणि पायऱ्यांचा तपशील त्यावरून केलेले उपक्लास भरतात. नवीन माणसाला हे सोयीचे पडते, कारण त्याला फक्त रिकाम्या जागा भरायच्या असतात. मात्र राईस मिलसाठी वाफेच्या व्हॉल्व्हची प्रतीक्षा मूळ क्लासमध्ये घातली, की रंगाईच्या यंत्राचे अलार्मही उशिरा येतात. उलट, सहकाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे यंत्रांशी संवाद, अलार्मचे नियम आणि नोंदी यांचे स्वतंत्र इंटरफेस (क्लासने कोणत्या मेथड, म्हणजे कृती, पुरवायच्या याचे करार) केले, तर लहानशा कारखान्यासाठीही कितीतरी ऑब्जेक्ट एकमेकांना जोडावे लागतात; आणि जागेवर जाणाऱ्या आमच्या अभियंत्याला लॅडर ही पीएलसीची आकृत्यांची भाषा उत्तम येते, सी शार्प नाही.

यंत्रांमधले फरकही एका जातीचे नाहीत. मॉडबस या यंत्रांशी संवादाच्या पद्धतीत रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवण्याचा कप्पा, १६ बिटांचे असल्यामुळे ३२ बिटांची दशांश संख्या दोन रजिस्टरांत विभागली जाते, आणि त्यांतला वरचा भाग आधी येतो की खालचा, हे उत्पादकागणिक बदलते. असल्या फरकासाठी उपक्लास करावा का? शिवाय, बॅच नियंत्रणाच्या १९९५ च्या आयएसए-८८ मानकातील रेसिपी (माल कसा करायचा ती कृती) आणि उपकरण यांची फारकत क्लासच्या रचनेत जशीच्या तशी उतरवावी का? आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात आणि त्या काळात कारखाना थांबवता येत नाही, म्हणून फ्रेमवर्कची नवी आवृत्ती जुन्या ठिकाणी काहीही न मोडता कशी द्यावी, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद:

तीन चालू कारखाने हाताशी आहेत, हे भांडवल मोठे आहे. तिन्हींत जे खरोखर वेगळे निघाले तेवढेच खुले ठेवा. पुढे कधीतरी लागेल म्हणून ठेवलेल्या जागा सहसा चुकीच्या ठिकाणी निघतात. रजिस्टरांचा क्रम ही माहिती आहे, वर्तन नव्हे. ती संरचना फाइलमध्ये (कॉन्फिगरेशन) जावी, म्हणजे तुमच्या अभियंत्यालाही ती बदलता येईल. ऑब्जेक्टांच्या जोडणीचे कामही त्याच फाइलवरून एका फॅक्टरी क्लासकडे (इतर ऑब्जेक्ट तयार करून देणारा क्लास) सोपवावे.

उपकरणांचे क्लास जरूर करा, पण रेसिपी डेटा म्हणूनच ठेवा. प्रत्येक रेसिपीचा उपक्लास करू लागलात, तर रंगाईच्या प्रत्येक नव्या छटेसाठी कोड लिहावा लागेल. चालू, थांबवलेले, रद्द, पूर्ण ही टप्प्यांची अवस्थांतरे फ्रेमवर्कमध्ये पक्की बंद असावीत. वाफेची प्रतीक्षा त्या टप्प्याच्या छोट्या क्लासमध्ये जाईल, ‘यंत्र’मध्ये नाही. इन्हेरिटन्स (उपक्लास काढणे) तेवढ्यापुरते चालते.

प्रसिद्ध झालेल्या इंटरफेसमध्ये नवी मेथड घालू नका; शेजारी दुसरा इंटरफेस काढा. सी शार्प ८ पासून इंटरफेसमध्ये मेथडची मूळ अंमलबजावणी देता येते, पण सी शार्पचे प्रोग्राम चालवणाऱ्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर ती चालत नाही, आणि कारखान्यांतील संगणक बहुधा जुनेच असतात. संवादाचा इंटरफेस वेगळा काढला, की यंत्राऐवजी आधी नोंदवलेली रजिस्टरे पुन्हा पुरवणारा खोटा संवादक लावून नवी आवृत्ती नागपुरात बसूनच तपासता येते.

एक सावधगिरी: पाश्चरीकरण सलग चालते आणि कमी तापलेला रस वळण व्हॉल्व्हमधून मागे फिरतो. तिथे आयएसए-८८ मधला उपकरणांचा भाग उपयोगी पडेल, बॅचची रेसिपी ओढूनताणून बसवू नका. म्हणून आधी रंगाईचा विभाग नव्या फ्रेमवर्कवर उभा करून पाहावा आणि मग संत्र्याकडे वळावे.