कल्चर पॉझिटिव्ह म्हणजे आशा सोडायची?
न्यूमोनियात "ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं की संपलंच" असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. (ब्लड कल्चर म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून पाहण्याची तपासणी; पॉझिटिव्ह म्हणजे जंतू उगवले.) न्यूमोनियाचे जंतू रक्तात उतरले की धोका वाढतो, हे खरं. पण वय, किडनी-लिव्हरची अवस्था, बीपी टिकतंय का, यावर बरंच अवलंबून असतं. ऑस्ट्रियन आणि गोल्ड या संशोधकांनी १९६४ मध्येच दाखवलं होतं की न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) रक्तात गेल्यावर पहिल्या पाचेक दिवसांतले मृत्यू पेनिसिलिनही फारसे टाळू शकत नाही. औषधाचा खरा फरक दिसतो तो त्यापुढे.

उलट पॉझिटिव्ह कल्चरमुळे नेमका जंतू कळतो. फक्त रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घेतलेलं हवं, नाहीतर बाटलीत बऱ्याचदा काही उगवतच नाही, मग सगळं अंदाजपंचे! आणि ताप उतरल्यावरही एक्स-रेवरचा पांढरा डाग काही आठवडे रेंगाळतो, त्याने लगेच घाबरू नका.